उरला कोण आता

दाजी तालमीला आले की आधी आरशाला भेटत, मग माणसांना. मेकअपच्या खोलीत शिरायचं, हनुवटी वर करायची, डावी बाजू बघायची, उजवी बघायची, केसांवरून तळवा फिरवायचा आणि मग, जणू आत्ताच कुणीतरी दिसलं, अशा थाटात म्हणायचं, "काय मंडळी, सुरू करायचं का?" मंडळी अर्धा तास त्यांचीच वाट बघत असायची. पुस्तकबाई हे सव्वीस वर्षं बघत आली होती आणि सव्वीस वर्षं तिला तितकीच किळस येत होती.

पुस्तकबाई म्हणजे त्या नाट्यगृहाची प्रॉम्प्टर. डावीकडच्या विंगेत उंच स्टुलावर, मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन ती बसे. नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. तो नटाच्या कानापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचता कामा नये. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, आणि ते तिच्याइतकं चांगलं कुणाला जमत नसे, हे तिचे शत्रूही कबूल करत. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नाट्यगृहातले पहिल्या नंबरचे नट. नंबर त्यांनी स्वतःच लावलेला होता.

त्या वर्षी मास्तर निवृत्त होणार होते. मास्तर हे दिग्दर्शक, चौतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेले. जाताना आपल्या जागी कोण, ते त्यांनी एका पत्रात लिहून द्यायचं आणि तीन विश्वस्तांनी त्यावर सह्या करायच्या, असा तिथला रिवाज होता. विश्वस्त कसले, तर एक निवृत्त दंतवैद्य, ते दुसऱ्या अंकात हमखास झोपत. एक लाकडाचे व्यापारी, त्यांना कुठलंही नाटक दाखवा, ते रंगमंचाच्या फळ्यांबद्दल बोलत. आणि एक माजी मुख्याध्यापिका, त्या झोपत नसत, पण त्या झोपल्या तर बरं असं सगळ्यांना वाटे. शेवटच्या नाटकाचा पहिला प्रयोग बघून तिघं मास्तरांशी बोलणार होते.

दाजींनी खुर्ची मनातल्या मनात केव्हाच घेतली होती. मास्तरांच्या खोलीला पडदा कुठल्या रंगाचा लावायचा, हे त्यांनी ताईला म्हणजे आपल्या बायकोला विचारून ठेवलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं. पुस्तकबाईला हे ताईकडूनच कळलं, आणि ती हसली.

"मला काय करायचीय खुर्ची?" असं ती स्वतः सगळ्यांना सांगत असे. विचारलं नाही तरी सांगत असे. पण मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना तालमी तिनेच घेतल्या होत्या, आणि तिच्या कपाटात एक वही होती. त्या वहीत पुढच्या चार वर्षांची नाटकं, कुणाला कुठलं काम द्यायचं, कुणाला कधीच द्यायचं नाही, सगळं लिहिलेलं होतं. तिला ती खुर्ची हवी होती. भूक लागल्यावर जेवण हवं असतं तशी हवी होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण ज्यांना खुर्ची हवी असते अशा माणसांबद्दल तिचं मत फार वाईट होतं.

शेवटचं म्हणून मास्तरांनी चारशे वर्षांपूर्वीची एक शोकांतिका काढली. समुद्रापलीकडची, पद्यातली, कधीकाळी कुणीतरी आपल्या भाषेत आणून ठेवलेली. गोष्ट एका कारभाऱ्याची. म्हाताऱ्या राजाचा विश्वासू माणूस, किल्ल्या सांभाळणारा. तो हळूहळू राजाचे दोन्ही वारस संपवतो, गादीवर बसतो, आणि पाचव्या अंकात ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच माणसाकडून मारला जातो. कारभारी अर्थातच दाजी.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना समोर बसवलं. "या माणसाची हाव नाटककार दाखवतो कशी, ते बघा," ते म्हणाले. "हा कुठेही मला राज्य पाहिजे असं दुसऱ्या माणसाला सांगत नाही. एकटा असला की आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना सांगतो. म्हणजे आपण त्याचे साथीदार झालो. मग बाजूला तोंड करून अर्धं वाक्य टाकतो, शेजारच्या पात्राला ऐकू जात नाही, आपल्याला जातं. राजासमोर त्याची ओळ मोजून मापून येते, एकटा पडला की तीच ओळ मध्येच तुटते. आणि पायऱ्या बघा. पहिल्या अंकापासून त्याच्या बोलण्यात पायऱ्या येतात. जेवणाबद्दल बोलला तरी पायरी येते."

सगळे गंभीर चेहरे करून बसले होते. नटांना गंभीर चेहरा करायला समजावं लागत नाही.

"माझी वाक्यं किती आहेत, मास्तर?" दाजींनी विचारलं.

पुस्तकबाईला वाटलं, नाटककाराने एवढी उठाठेव कशाला केली? हा एक प्रश्न लिहिला असता तर पुरे होतं. दाजींना वाचायला तिला पद्य लागत नव्हतं. आरशासमोरची स्वगतं ती रोज ऐकत होती. विश्वस्त आले की बाजूला घेऊन टाकलेली अर्धी वाक्यं ऐकत होती. मास्तरांच्या खोलीच्या पायऱ्या हा माणूस दिवसातून चार वेळा काही काम नसताना चढत होता. कारभाऱ्याची सगळी तंत्रं तिने दाजींना लावून बघितली आणि सगळी चपखल बसली. स्वतःला लावून बघायचं तिला सुचलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघण्यात ती पटाईत होती, आणि तिच्या मुसळाची वही कपाटात कुलपाखाली होती.

मग मास्तरांनी आपला बेत सांगितला. नाटक त्या काळी बसवत तसंच बसवायचं. पूर्ण पुस्तक कुणालाही मिळणार नाही. प्रत्येक नटाला कागदाची लांब पट्टी मिळेल. तिच्यावर फक्त त्याची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द, म्हणजे क्यू. ते तीन शब्द ऐकू आले की बोलायचं. एकत्र तालीम फक्त येण्या-जाण्याची आणि तलवारींची. बाकी प्रत्येकाने एकट्याने मास्तरांसमोर बसायचं. काय होणार ते प्रयोगाच्या दिवशीच सगळ्यांना कळेल.

"पुस्तक एकाच माणसाकडे राहील," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ते पुस्तकबाईच्या हातात दिलं. "पट्ट्या तूच उतरव."

अकरा दिवस ती पट्ट्या उतरवत होती. शेजारच्या टेबलावर चहा निवत होता आणि ती निळ्या शाईने वाक्यं, लाल शाईने सूचना लिहीत होती. लाल शाई लागे ती अशा ठिकाणी, की जिथे एखादा क्यू एकापेक्षा जास्त वेळा येतो. दूताच्या पट्टीवर तिने लिहिलं, 'दुसऱ्या वेळी'. दासीच्या पट्टीवर लिहिलं, 'पहिल्यांदा थांब'. नाहीतर बिचारी पोरगी राजाच्या बोलण्यात मध्येच तोंड घालायची.

तिसऱ्या अंकात ती थांबली. दोन्ही राजपुत्र गेल्याची बातमी आली आहे. राजाचं लांबलचक भाषण आहे, आणि त्यात 'उरला कोण आता' हे शब्द तीनदा येतात. दोनदा राजा पुढे बोलत राहतो, तिसऱ्यांदा थांबतो. त्यावर कारभाऱ्याचं वाक्य एकच. "मी आहे, महाराज."

पुस्तकबाईने पेन खाली ठेवलं. तिच्या लक्षात आलं, की हे चुकून झालेलं नाही. चारशे वर्षांपूर्वी त्या लबाड नाटककाराने नटाच्या हातात पट्टी दिली होती आणि पट्टीत सापळा ठेवला होता. नट पहिल्याच 'उरला कोण आता'ला उडी मारणार. राजा त्याच्याकडे बघणारही नाही, मुलांसाठी रडत राहील. नट पुन्हा उडी मारणार, पुन्हा तोंडावर आपटणार. नटाचा उतावळेपणा तोच कारभाऱ्याचा उतावळेपणा. अभिनय करायचीच गरज नाही. मास्तरांनी सांगितलेल्या सगळ्या तंत्रांपेक्षा हे तंत्र भारी होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाला दिसलं नव्हतं, असं तिला वाटलं.

तिने लाल पेन उचललं. दाजींच्या पट्टीवर 'तिसऱ्या वेळी' एवढे दोनच शब्द लिहायचे होते.

तिने ते लिहिले नाहीत. नाटककाराशी प्रामाणिक राहायचं म्हणून नव्हे. तीन विश्वस्तांसमोर, भरल्या नाट्यगृहात, तो हनुवटी वर करणारा माणूस दोनदा चुकावा आणि त्याचं हसं व्हावं, एवढंच तिला हवं होतं. लाल पेनाला टोपण लावताना तिला फार बरं वाटलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. "अगं, हे पट्टी घेऊन घरभर फिरतायत. जेवताना पट्टी, आंघोळीला जाताना पट्टी. काल झोपेत 'महाराज, महाराज' म्हणत होते."

"चांगलंय की."

"थट्टा नको करू. घाबरलेत ते. मला म्हणाले, पुढे कोण काय बोलणार तेच माहीत नाही, अंधारात जिना उतरल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, धाकटी आहे ना विंगेत."

"हो," पुस्तकबाई म्हणाली. "आहे ना."

प्रयोग दुपारी साडेतीनला होता. नाट्यगृह भरलं होतं. दंतवैद्य चौथ्या रांगेत रुमाल मांडीवर पसरून झोपेच्या तयारीत होते. पहिले दोन अंक बरे गेले. नटांचे कान टवकारलेले होते. एरवी दुसरा बोलत असताना स्वतःच्या पुढच्या वाक्याचा विचार करणारे हे लोक आज नाइलाजाने एकमेकांचं ऐकत होते, आणि ऐकणारा नट दिसायला बराच शहाणा दिसतो. दाजी मात्र दाजीच होते. प्रत्येक वाक्य गॅलरीला नमस्कार करून येत होतं.

तिसरा अंक लागला. राजाचं काम करणारे वयोवृद्ध नट, ज्यांना सगळे राजेसाहेबच म्हणत, सिंहासनावर बसले होते. मास्तरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की मध्ये कोण काहीही बोललं तरी आपण थांबायचं नाही. भाषण सुरू झालं. मोठा मुलगा गेला, धाकटा गेला, आणि राजेसाहेब कापऱ्या आवाजात म्हणाले, "उरला कोण आता..."

"मी आहे, महाराज!" दाजी पुढे झेपावले. पाऊल टाकलं, छातीवर हात ठेवला, सगळं तयार होतं.

राजेसाहेब पुढे बोलतच राहिले. धाकट्याच्या लहानपणचा घोडा, त्याचा पहिला दात. दाजी छातीवर हात ठेवून उभे. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, मग पाच-सहा जण हसले. पुस्तकबाईने मान खाली घातली, कारण तिलाही हसू येत होतं.

"घोडा आहे, दात आहे, उरला कोण आता..."

"मी आहे, महाराज." या वेळी आवाज खाली आला होता. राजेसाहेब पुन्हा पुढे गेले, राणीची आठवण काढू लागले. आता मोठ्याने हसलं कुणी नाही. दाजींचा हात छातीवरून कधी खाली आला ते कळलं नाही. मान लाल झाली होती, मेकअपमधूनही दिसत होती. झेपावून ते सिंहासनाच्या पायरीवर चढले होते. आता उतरावं की तिथेच राहावं, ते त्यांना समजत नव्हतं. एक पाय वर, एक खाली.

मग राजा तिसऱ्यांदा म्हणाला, "उरला कोण आता?" आणि थांबला.

दाजी बोलले नाहीत. दोनदा भाजलेला माणूस तिसऱ्यांदा हात पुढे करत नाही. त्यांनी फक्त डोळे वळवले आणि विंगेत बघितलं. सरळ तिच्याकडे.

प्रॉम्प्टर तीन मोजतो. एक, दोन, तीन, आणि शब्द देतो. सव्वीस वर्षांत तिने कुणासाठी चार मोजले नव्हते, अगदी जिच्याशी तिचं बोलणं बंद होतं त्या नटीसाठीही नाही. पुस्तकबाईने तीन मोजले. पुस्तकात बोट 'मी'वर होतं. चार मोजले. पाच. तिने दाजींच्या डोळ्यांवरून नजर काढून पुस्तकात घातली. सात. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. नऊ. दहा. मर, ती मनात म्हणाली, अगदी याच शब्दात.

अकराला राजेसाहेबांनी, काय करावं न कळून, मान वळवली आणि आपल्या कारभाऱ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. आणि दाजी बोलले. जीभ जड झालेल्या माणसासारखे, आपल्याला काय हवंय हे सगळ्यांना दिसलं आहे हे कळून चुकलेल्या माणसासारखे.

"मी... आहे, महाराज."

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंचा हात तोंडावर गेला. दंतवैद्य जागे होते. आणि तिथून पुढे शेवटपर्यंत, गादी मिळाली तेव्हा आणि मरण आलं तेव्हाही, लोक त्या कारभाऱ्यावरून डोळे काढू शकले नाहीत. पडदा पडल्यावर सगळं नाट्यगृह उभं राहिलं. पुस्तकबाई स्टुलावर बसून राहिली. तिने खड्डा खणला होता आणि त्या मूर्खाला त्यात सिंहासन सापडलं होतं.

विश्वस्त मास्तरांना भेटून, हसत, हात चोळत गेले. थोड्या वेळाने मास्तरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर सगळ्या पट्ट्या पडल्या होत्या, नटांकडून परत मागवलेल्या. मास्तर चष्मा पुसत होते.

"बस," ते म्हणाले. "दूताच्या पट्टीवर लाल शाई. दासीच्या पट्टीवर लाल शाई. याच्या पट्टीवर नाही."

"नाटककाराने लिहिलंय तसं उतरवलं मी," ती म्हणाली. "त्या जागेची गंमतच ती आहे. आणि बघितलंत ना काय झालं ते."

"बघितलं. ती गंमत मला माहीत होती. म्हणूनच मी हे नाटक काढलं. तू शेरा लिहिला असतास तर मी खोडायला सांगितलं असतं." त्यांनी चष्मा घातला. "दोनदा त्याला पाडायचं, ते नाटककाराचं काम होतं. तिसऱ्यांदा उचलायचं, ते तुझं. मी समोरच्या विंगेत होतो. किती मोजलेस?"

तिने समोरची एक पट्टी सरळ केली.

"मी अकरा मोजले," मास्तर म्हणाले.

"पण टाळ्या त्यामुळेच मिळाल्या त्यांना."

"मिळाल्या. तू टाळ्यांसाठी गप्प बसली नव्हतीस." त्यांनी खण उघडून एक पाकीट काढलं. पाकीट उघडं होतं. "हे पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं. तुझं नाव होतं. त्याला नट म्हणून मी पुरता ओळखतो, आपल्याच आवाजावर खूश असलेला माणूस तो, त्याच्या हातात संस्था द्यायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण जो माणूस अडलेल्याकडे बघून पुस्तकात मान घालतो, त्याच्या हातात चाळीस माणसं मी देऊ शकत नाही. आज विश्वस्तांना मी त्याचं नाव सांगितलं. तो मूर्ख आहे, पण तो कुणाला मरू देणार नाही."

पुस्तकबाईला बोलायचं होतं. दीड महिन्याच्या तालमींबद्दल, वहीबद्दल, सव्वीस वर्षांबद्दल. पण ते सगळं 'मला हवंय' या दोन शब्दांनी सुरू झालं असतं आणि ते शब्द तिने आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. त्या पत्रात गेले पंधरा दिवस ती दिग्दर्शक होती, आणि तिला ते आत्ता कळत होतं.

"जा, त्याला पाठव," मास्तर थकून म्हणाले. "मी सांगतो त्याला."

मेकअपच्या खोलीत दाजी एकटेच बसले होते. आरशाकडे पाठ होती. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच. ती आलेली दिसताच ते उठून उभे राहिले.

"धाकटे, फार हसले का गं लोक?"

"सुरुवातीला थोडे."

"मला ऐकू आलं. दोनदा मध्ये तोंड घातलं मी. राजेसाहेबांचं भाषण नासवलं. शेवटी लोक उभे राहिले ते त्यांच्यासाठीच, म्हातारा माणूस, सांभाळून नेलं त्यांनी." ते हातातल्या कापसाकडे बघत होते. "तिसऱ्यांदा तर काही सुचेना. तुझ्याकडे बघितलं. तू शब्द दिला नाहीस, तेव्हा म्हटलं, धाकटी गप्प आहे म्हणजे अजून जागा आली नसणार. तिला माहीत असतं. म्हणून थांबलो. तू होतीस म्हणून थांबू तरी शकलो, नाहीतर पळूनच गेलो असतो."

तिला या माणसाचा तिरस्कार करायची इतकी सवय होती, की तिने आत्ताही तो शोधून बघितला. सापडला. पण तो त्याच्यावर बसेना.

"मास्तरांनी बोलावलंय," ती म्हणाली.

दाजींचा चेहरा उतरला. "रागावलेत?"

तिने खुर्चीवरचा त्यांचा सदरा उचलून पुढे केला.

"काय सांगणारेत? काढून टाकणारेत का? तुला माहीत असेल. काही बोलले असतील तुझ्याशी."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिच्याकडे ते तयार होतं. समोरचा माणूस तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"मला काय माहीत," पुस्तकबाई म्हणाली.

"बरं," दाजी म्हणाले. त्यांनी सदरा चढवला, वरचं बटण खालच्या काजात लावलं, आणि ते मास्तरांच्या पायऱ्या चढायला गेले. या वेळी एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून. ती दारात उभी राहून बघत होती. अजूनही हाक मारता आली असती. ते सगळ्या पायऱ्या चढून दारापर्यंत पोचले, तरी तिने हाक मारली नाही.